पुढची तारीख

होड्यांवर नावं काढतो मी, मिरकरवाड्यात.
नारळी पौर्णिमेआधीचे पंधरा दिवस
मला जेवायची फुरसत नसते.
पण हे काम जानेवारीत आलं.
स्टेशनाबाहेर इंजिन उभं करणार, नंबर काढायचाय.
मी विचारलं, नाव काय?
नाव नसतं, म्हणाला. नुसता नंबर.

आधी खरवडायला घेतलं.
निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली विटकरी,
त्याखाली कुठल्या तरी दूरच्या शेडचा पिवळा पट्टा.
होडीचंही असंच असतं,
मालक बदलला की रंग बदलतो,
पातं फिरवलं की सगळे मालक खाली पडतात.

तिसऱ्या दिवशी परकारचाचा आले,
थर्मास घेऊन, फाटकाशी उभे.
अठ्ठावीस वर्षं चालवली, म्हणाले.
मी 'ते इंजिन' म्हणत होतो,
ते 'ही' म्हणत होते.
मग मीही 'ही' म्हणायला लागलो.

ही अल्को. सोळा सिलिंडर, सहा मोटरी.
मला वाटायचं डिझेल थेट चाकाला जातं,
आमच्या लाँचीत पंख्याला जातं तसं.
'नाय रे. ही आतच वीज करायची.
डिझेल जाळून वीज, ती वीज चाकांना.
चालतं विजेचं घर होतं हे.
आताची वरच्या तारेकडे हात पसरतात.'
आणि लगेच, 'तशी चांगली आहेत ती.
धूर नाय. पोरांची छाती तरी शाबूत राहील.'

करबुड्याच्या बोगद्यात शिरताना
ओला टॉवेल तोंडाला.
आठव्या नॉचवर सगळं अंग थरथरायचं,
डब्यातला चहा गोल गोल फिरायचा.
पाठीवर पन्नास ट्रक,
ट्रकांत त्यांचे ड्रायव्हर झोपलेले,
'दुसऱ्याच्या गाडीत झोपलेला ड्रायव्हर
किती गाढ झोपतो, तुला सांगतो.'
पावसात चाळीसच्या वर जायचं नाही.
दरडीकडे बघत, रुळावर वाळू सोडत,
रात्र रात्र.
एकदा उक्षीच्या अलीकडे गस्तवाल्याचा लाल दिवा दिसला.
पुढे काय झालं ते नाही सांगितलं.
चहा ओतला.

दारं वेल्डिंग करण्याआधी मी आत डोकावलो.
सिलिंडर नेलेले. मोटरी नेलेल्या.
दुसऱ्या कुणाला बसवल्या असतील म्हणे.
तळाशी बोटभर काळं तेल
आणि साळुंकीनं आणलेल्या काड्या.
चाचांनी बाहेरून बोटाच्या पेरानं ठोकलं.
पत्र्याच्या रिकाम्या पिंपासारखा आवाज आला.
परत ठोकलं नाही त्यांनी.
मी ब्रश धूत राहिलो, धुतलेलाच.

नंबर छान उतरला. पाच आकडे, पांढरे.
चाचांनी दोनदा पुसायला लावला,
सातचं शेपूट फार वळलं होतं.
'होडी नाय ती.'

शेवटी खाली, बफरच्या बाजूला, छोटी चौकट.
शेड. मागची मोठी दुरुस्ती.
पुढची मोठी दुरुस्ती.
पहिली दोन भरली.
तिसऱ्यात काय लिहू?
साहेब मोबाइलवर होते, म्हणाले, रेघ मार.
मी ब्रश उचलला, चाचांकडे पाहिलं.
ते रुळाच्या तुटलेल्या टोकाकडे बघत होते,
जिथं रूळ संपून कुंड्या सुरू होतात.
'मोकळी ठेव,' म्हणाले.

मोकळी जागा खारा वारा आधी धरतो.
मला माहीत आहे, माझा धंदा आहे तो.
म्हणून रेघ मारली नाही,
रेड ऑक्साईडचे तीन हात दिले तेवढ्यावर.
मजुरीत धरले नाहीत.

आता एक मेपर्यंत कामं नाहीत.
येता-जाता बघतो.
पोरं बफरवर बसून फोटो काढतात.
चौकट अजून धरून आहे.